जाऊ देण्याचे पुण्य

आषाढातील संकष्टीची संध्याकाळ होती. दुपारी सुरू झालेला पाऊस दीड-दोन तास कोसळून नुकताच थांबला होता आणि इंदूरच्या बडा गणपतीच्या देवळासमोरील चौकात घोट्याच्या वर पाणी साचले होते. दर्शनास आलेली आम्ही पंधरा-वीस माणसे दाराशीच अडकून पडलो होतो. कोणी विजारी दुमडून, कोणी पादत्राणे हातात घेऊन पाणी उतरण्याची वाट पाहत होते.

अशा प्रसंगी जे बोलणे व्हावयाचे तेच झाले. महापालिकेला नावे ठेवून झाली, कंत्राटदारांचा उद्धार झाला, 'पूर्वी असे नव्हते' हेही कोणी म्हणून घेतले. इतक्यात आमच्यातीलच एका सद्गृहस्थांनी घरून आणलेली निर्माल्याची पिशवी, गाठ मारलेली तशीच, समोरच्या पाण्यात सोडली व हात जोडले. पिशवी तरंगत गटाराच्या तोंडाशी गेली आणि तेथील जाळीला लागून राहिली. त्या गृहस्थांच्या मुद्रेवर अपराधाची छटाही नव्हती. उलट एक धर्मकृत्य यथासांग पार पाडल्याचे समाधान होते. आम्ही कायद्याचे पदवीधर, पंधरा-वीस वर्षे वकिली केलेले. परंतु आम्ही त्यांना काहीच बोललो नाही. बोलण्याचा अधिकार आम्हास होता की नव्हता, हे पुढे सांगावयाचे आहे.

एका पिशवीने चौक तुंबत नाही, हे उघड आहे. ती पिशवी नसती तरी त्या दिवशी पाणी साचलेच असते. हेच दुसऱ्या पिशवीविषयी म्हणता येईल आणि तिसरीविषयीही. कोणी आपल्या दुकानापुढील गटारावर फरशी टाकलेली असते, कोणी अंगणाला सिमेंट केलेले असते, कोणी घराचे बांधकाम चालू असता वाळूचा ढीग रस्त्याच्या कडेस रचलेला असतो. यांपैकी ज्याला विचारावे तो सांगेल, 'माझ्या एवढ्याशाने काय होते?' आणि त्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने खरेच असते. तथापि चौक तुंबलेला असतो. मग तो तुंबविला कोणी? पाप पुष्कळांत वाटून घेतले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे पाप कमी होते काय? आमच्या मते रस्त्यातील पाण्याचा प्रश्न अभियंत्यांचा आहेच. परंतु त्याच्या तळाशी हा नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार देवळाच्या दारात उभे राहूनच केला पाहिजे.

प्रथम त्या देवाविषयी थोडे सांगावे. इंदूर न पाहिलेल्या वाचकांना हे ठाऊक नसेल की बडा गणपती हे नाव अगदी शब्दशः खरे आहे. बैठी मूर्ती सुमारे पंचवीस फूट उंच आहे. उज्जैनच्या दाधीच ब्राह्मणाला दृष्टान्त झाला आणि त्याने ही मूर्ती घडविली, अशी परंपरा सांगतात. तिच्यात विटा, चुना, गूळ, मेथीदाणे यांबरोबर अयोध्या, मथुरा, काशी, अवंतिका अशा सात मोक्षपुऱ्यांची माती व तीर्थांचे पाणी घातले आहे, असेही परंपरा सांगते. ठिकठिकाणची माती व ठिकठिकाणचे पाणी एकत्र येऊन जी आकृती झाली तिला आम्ही विघ्नहर्ता म्हणतो. त्याच्या दारी दर पावसाळ्यात माती व पाणी एकत्र येतात, तेव्हा मात्र त्यांचा चिखल होतो. फरक एवढाच, की मूर्तीतील माती व पाणी कोणीतरी विचारपूर्वक आणले होते.

आता या नगरीच्या पाण्याविषयी. माळवा हा पाण्याने सुखी मुलूख, ही त्याची जुनी ख्याती. इंदूर वसले ते कान्ह आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी. त्यांचा संगम कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी होतो आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेस मिळते. शहराच्या पश्चिमेस सिरपूरचा तलाव आहे, त्यापलीकडे यशवंतसागर. दोघांनाही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. गल्लोगल्ली विहिरी व बावड्या होत्या. नगर वाढले, नद्यांचे नाले झाले, आणि १९७८ पासून पिण्याचे पाणी नर्मदेहून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, घाट चढवून आणावे लागले. एका बाजूस इतक्या खर्चाने पाणी वर चढवावयाचे, आणि दुसऱ्या बाजूस आकाशातून फुकट आलेले पाणी दारात शत्रूसारखे उभे राहावयाचे, अशी ही स्थिती आहे.

पाऊस वाढला म्हणून असे होते, हे अर्धेच उत्तर आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये इंदुरात एका दिवसरात्रीत दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला. वर्षभराच्या सरासरीचा चौथा हिस्सा एका दिवसात पडला, तर कोणतेही गटार पुरे पडणार नाही, हे आम्हास मान्य आहे. मुंबईकर वाचकांना २६ जुलै २००५ चा दिवस आठवत असेलच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असे दिवस दैवाचे म्हणून सोडून द्यावे. परंतु बडा गणपतीच्या चौकात पाणी साचण्यास दहा इंच लागत नाहीत. एका संध्याकाळची सर पुरते. तेथे दैवाची सबब चालत नाही.

थोडा हिशेब करून पाहावा. हजार चौरस फुटांच्या अंगणावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे २३६० लिटर पाणी होते. दीडशेहून अधिक घागरी. अंगण मातीचे असेल, त्यात तुळस व चार झाडे असतील, तर यातील बराच भाग जमीन पिते व उरलेला सावकाश बाहेर सोडते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात त्या भेगांतून पाणी खोल उतरते. पुढे ती फुगून मिटते व पाणी आत घेईनाशी होते. म्हणजे पाणी पिण्याची तिची संधी मोजक्या दिवसांचीच असते. त्या अंगणावर आम्ही सिमेंट केले, की पहिल्या दिवसापासून बहुतेक सर्व घागरी पाच-दहा मिनिटांत रस्त्यावर ओतल्या जातात. रस्ताही एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सिमेंटचा; दर दुरुस्तीला त्यावर नवा थर, त्यामुळे घरांची जोती खाली आणि रस्ता वर. गटाराचे तोंड असते तेथे चुकून उंचवटा, आणि उंचवटा नसेल तेथे पिशवी. पाण्याने जावे तरी कोठे?

हे सर्व घडते ते घाणेरड्या शहरात नव्हे, हे विशेष. २०१७ पासून सलग वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान इंदूरने मिळविला. २०२१ मध्ये सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी 'वॉटर प्लस' ठरलेले ते देशातील पहिले शहर होते. घरोघरी कचरा वेगळा करण्याची सवय येथील नागरिकांनी लावून घेतली, ही गोष्ट लहान नाही, आणि तिचा आम्हास अभिमान आहे. यावरून एवढेच दिसते की माणसे सुधारू शकतात. कचऱ्याच्या बाबतीत आपल्या एवढ्याशाने काय होते, असे इंदूरकर आता म्हणत नाहीत. पाण्याच्या बाबतीत मात्र अजून म्हणतात.

याविषयी कायदा काय म्हणतो, हे सांगणे आमच्या व्यवसायास धरून होईल. आपल्या पूर्वजांनी हा विषय क्षुद्र मानला नव्हता. कौटिल्याने अर्थशास्त्रात रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास एक अष्टमांश पणाचा, आणि चिखलपाणी तुंबवणाऱ्यास त्याच्या दुपटीचा, म्हणजे पाव पणाचा दंड सांगितला आहे. राजमार्गावर हाच अपराध केल्यास दंड पुन्हा दुप्पट. कचरा टाकण्याहून पाणी तुंबवणे अधिक वाईट, ही तरतमता ध्यानात घेण्यासारखी आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तळ्यास येणारे पाणी तोडणाऱ्यास दंड आहे, आणि राजमार्गावर घाण करणाऱ्याने दंड भरून शिवाय ती स्वतः उचलावी, अशीही आज्ञा आहे.

अलीकडच्या कायद्यापैकी १८८२ च्या ईझमेंट ॲक्टात, म्हणजे सुविधाधिकारांच्या कायद्यात, सातव्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले आहे. उंचावरील जमिनीत नैसर्गिकपणे येणारे वा पडणारे पाणी शेजारच्या सखल जमिनीच्या धन्याने नैसर्गिकपणे वाहू दिले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. वरवर पाहता हा वरच्याला दिलेला हक्क वाटतो. खालच्याने सोसावे, असा. परंतु त्यातील 'नैसर्गिकपणे' हा शब्द सारा भार पेलतो. आकाशातून पडलेले पाणी मातीत मुरत, थांबत खाली गेले, तर ते निसर्गाचे पाणी. तेच पाणी आम्ही फरशीवर धरले, पन्हळीतून गोळा केले, आणि एका दमात शेजाऱ्याच्या दारी सोडले, तर ते आमचे केलेले पाणी. खालच्याने निसर्गाचे पाणी सोसावे हे न्याय्य आहे. आमचे केलेले पाणी त्याने का सोसावे?

सार्वजनिक संस्थांविषयी तर कायद्यात संदेहच उरलेला नाही, आणि तो निर्णय माळव्यातीलच एका गावाच्या गटारावरून झाला. रतलामच्या न्यू रोडवरील रहिवाशांनी तुंबलेल्या गटारांच्या त्रासाविषयी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेस गटारे बांधण्याचा आदेश दिला. नगरपालिका आपल्याजवळ पैसा नाही म्हणून भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर व चिन्नप्पा रेड्डी यांनी ती सबब फेटाळली. सार्वजनिक आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे पहिले कर्तव्य, आणि पैशाची अडचण दाखवून त्यातून तिची सुटका नाही, असे त्यांनी ठरविले. त्या वेळी जे फौजदारी प्रक्रिया संहितेचे १३३ वे कलम होते, ते जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ वे कलम झाले आहे. सामान्य नागरिकाच्या हाती हे शस्त्र आजही आहे, आणि ते वापरावे, असे आम्ही वाचकांना आग्रहाने सांगतो.

परंतु कायद्याची धाव कोठपर्यंत? अपराधी एक असेल तर कायदा त्याला गाठतो. नगरपालिका असेल तर तिलाही गाठतो. हजार माणसांनी प्रत्येकी चिमूटभर अपराध केला, तर कायदा दमतो. कोणाच्या पिशवीने किती पाणी अडले, याचा पुरावा कोणत्याही न्यायालयात देता यावयाचा नाही. कायद्याच्या या सीमेपलीकडे धर्माचे राज्य सुरू होते. करणारा, करविणारा व अनुमोदन देणारा हे फळाचे सारखे वाटेकरी, असे आपल्याकडे मानतात. सारखे, म्हणजे प्रत्येकास पुरते. तिघांत तिसरा हिस्सा करून नव्हे. हे एक तत्त्व मनापासून मानले, तर 'माझ्या एवढ्याशाने काय होते' या प्रश्नातील सारा दम निघून जातो.

आता आमच्या अधिकाराविषयी सांगावयाचे राहिले आहे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पक्षकाराच्या जागेच्या कडेने एक जुना ओहोळ वाहत असे. आठ महिने कोरडा आणि चार महिने वाहता. पक्षकारास तो बुजवून कुंपण पुढे न्यावयाचे होते. खालच्या वस्तीतील काही लोकांची हरकत होती. कागदांत त्या ओहोळाचा उल्लेख मोघम होता. आम्ही त्या मोघमपणाचा पुरेपूर उपयोग केला. जे पाणी वर्षातून आठ महिने नसते त्याला वाट म्हणता येत नाही, असा युक्तिवाद आम्ही केला, आणि तो करताना स्वतःच्या चातुर्याचे आम्हास कौतुकही वाटले. प्रकरण आमच्या बाजूने झाले.

पुढच्या श्रावणात आमच्या कचेरीतील मुन्शीजी दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते ओल्या चपलांनी. घरात गुडघाभर पाणी शिरले होते, धान्य व मुलीची पुस्तके गेली होती, दोन रात्री सर्वांनी पलंगावर बसून काढल्या होत्या. ते खालच्या वस्तीत राहतात हे आम्हास ठाऊक होते. परंतु ती वस्ती म्हणजेच ही वस्ती, हे तोवर आमच्या मनात जुळले नव्हते. "साहेब, दोन दिवसांचा खाडा झाला, क्षमा असावी," असे ते म्हणाले. त्यांनी आमची क्षमा मागितली. आम्ही "असू द्या, असू द्या" म्हणालो आणि दिवसाची कामे पुढे घेतली.

त्या युक्तिवादात बेकायदेशीर काहीही नव्हते, हे आजही आम्ही छातीवर हात ठेवून सांगू. वकिलाने पक्षकाराची बाजू मांडावी, हा त्याचा धर्मच आहे. पुरात सगळे पाणी त्या एका ओहोळाचे नव्हते, हेही खरे. तरीही बडा गणपतीच्या दारात त्या गृहस्थांना आम्ही काही बोलू शकलो नाही, याचे कारण वाचकांच्या ध्यानात आले असेल. त्यांनी पिशवीने केले ते आम्ही कागदाने केले होते.

यावर विचार करता आमच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि तीच सांगण्यासाठी हा लेख आहे. आपल्या धर्मात इष्ट आणि पूर्त असे पुण्यकर्माचे दोन भाग मानले आहेत. यज्ञयागादी ते इष्ट. विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा हे पूर्त. होळकरांच्या राज्यात पूर्ताचे महत्त्व कोणास सांगावयास नको. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत महेश्वरच्या घाटापासून दूरदूरच्या तीर्थांपर्यंत घाट, विहिरी व बारवा बांधविल्या. पाणी आणणे, साठविणे, तहानलेल्यास देणे याचे पुण्य आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. विहिरीच्या काठी बांधणाऱ्याच्या नावाचा दगड असतो. परंतु पाण्याला जाण्यासाठी वाट करून देणाऱ्याच्या नावाचा दगड आम्ही कोठे पाहिलेला नाही. पाणी आणण्याचे पुण्य आम्ही मानतो. पाणी जाऊ देण्याचे पुण्य आमच्या हिशेबात नाही. गटार ही अमंगल वस्तू, ती झाकावी, तिच्याकडे पाहू नये, आणि तिचे काम करणाऱ्यास दूर ठेवावे, एवढाच आमचा तिच्याशी संबंध. वस्तुतः आलेले पाणी जाऊ देणे हे पूर्ताचेच दुसरे अंग आहे. एकाविना दुसरे अपुरे.

झाकून टाकण्याची ही वृत्ती किती दूर नेते, हे इंदूरने ३० मार्च २०२३ रोजी पाहिले. रामनवमीचा दिवस होता. स्नेहनगर-पटेलनगर भागातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालले होते. मंडळी जेथे बसली होती तेथे खाली एक जुनी बावडी होती; तिच्यावर स्लॅब घालून जमीन केलेली होती. स्लॅब कोसळला आणि छत्तीस माणसे प्राणास मुकली. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आम्ही त्यात पडत नाही. परंतु देवळाचे विश्वस्त असलेल्या, देवळात जाणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस एवढे विचारावे, की आपल्या देवळात, आपल्या आळीत, पाण्याच्या कोणकोणत्या जागा आपण जमीन समजून पायाखाली घेतल्या आहेत? दुर्घटनेनंतर ती बावडी भरून टाकण्यात आली. भयामुळे असे होणे समजण्यासारखे आहे. पण पाण्याची एक जागा प्रथम झाकली गेली आणि नंतर बुजली. पाणी मात्र तेवढेच पडत राहणार.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कुलदैवत गोमंतकात आहे, म्हणून त्या बाजूचा एक दाखला द्यावासा वाटतो. खाडीच्या काठी बांध घालून पूर्वजांनी खाजन जमिनी उठविल्या. त्या बांधांत ठिकठिकाणी 'मानस' असते. भरतीच्या वेळी तिची फळी खारे पाणी अडविते, आणि ओहोटीस तीच उघडून आतले पावसाचे पाणी बाहेर जाऊ देते. बांध व मानस सांभाळणे हे गावकरीचे सामाईक काम होते. एकाच्या शेताचा बांध फुटला तर साऱ्या खाजनात खारे पाणी येई, म्हणून कोणालाही 'माझ्या एवढ्याशाने काय होते' असे म्हणण्याची सोय नव्हती. तीच गावकरी देवळाचाही योगक्षेम पाहत असे. मंगेशी, नागेशी, कवळे येथील तळ्यांवर हात जोडताना आपण हे आठवत नाही, की ज्या समाजाने तळे बांधले त्यालाच मानसही ठाऊक होती. धरावे केव्हा आणि सोडावे केव्हा, ही दोन्ही ज्ञाने एकाच समाजाजवळ होती. शहरात येताना आपण देव बरोबर आणला. ते दुसरे ज्ञान मागे राहिले.

ते परत आणणे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. त्यास इंदूरचेच उत्तर आहे. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या बोलावण्यावरून येथे आले. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात प्लेगची धास्ती होती आणि लोक नगररचनाकारालाच भीत होते, कारण तो घरे पाडणारा. १९१७ च्या दिवाळीस गेडिसांनी एक मिरवणूक काढली. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जावयाची, हे त्या रस्त्यावरील लोकांनी घरे व गल्ल्या किती स्वच्छ केल्या यावर ठरणार होते. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड आकृती होती, आणि फुलांनी सजविलेल्या कचऱ्याच्या गाड्यांबरोबर नवे स्वच्छ कपडे घातलेले सफाई कामगार सन्मानाने चालत होते. परक्या मनुष्यास जे दिसले ते आम्हास दिसू नये, याचा विचार करावा. दिवाळीची साफसफाई आम्ही उंबरठ्यापर्यंतच नेतो. त्याने ती उंबरठ्याबाहेर नेली, आणि उत्सवाचा मान त्या माणसांना दिला ज्यांना आम्ही दाराबाहेर ठेवीत होतो.

मग देवळांनी काय करावे? मोठमोठ्या योजना आम्ही सुचवीत नाही. अक्षय्यतृतीयेपासून मृग निघेपर्यंतच्या अवधीत प्रत्येक देवस्थानाने आपल्या आवारातील व समोरच्या रस्त्यावरील गटारांची तोंडे मोकळी करून घ्यावी, आणि हे काम ज्यांच्याकडून करवावयाचे त्यांना साधने, मोबदला व मान पुरता द्यावा. संरक्षक साधनांशिवाय बंद गटारात माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे आणि धर्मानेही ते निषिद्धच समजावे. निर्माल्याचे खत करावे. आवाराची फरशी थोडी उचलून मातीला जागा द्यावी. छपराचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. उत्सवाचा मांडव घालताना एकही खांब गटाराच्या तोंडावर येणार नाही हे पाहावे. कायद्याच्या दृष्टीने देवाची मूर्ती ही व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये ठरविले. ती मालमत्ता धारण करू शकते. जो मालमत्ता धारण करतो तो कोणाचा तरी शेजारीही असतो. आपला देव कसा शेजारी व्हावा, हे विश्वस्तांच्या हाती आहे.

याने महापालिकेची सुटका होते, असा अर्थ कोणी काढू नये. उलट ज्याने आपल्या दारातील गटार मोकळे केले तोच महापालिकेपुढे ताठ मानेने उभा राहील. नाल्याच्या काठी झोपडी बांधून राहणाऱ्यांकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो, तेही यापुढे करू नये. सखल जागी कोणी हौसेने राहत नाही. वरच्या जागा आपण घेतल्या म्हणून ते तेथे गेले, आणि वरचे पाणीही आपण त्यांच्याकडेच पाठविले.

राहता राहिली आमची गोष्ट. आमच्या ओट्यापुढील गटारावर वडिलांच्या वेळेपासून फरशी होती. ती गेल्या वैशाखात आम्ही काढविली आणि उचलता येईल अशी जाळी बसविली. तो बुजलेला ओहोळ मात्र बुजलेलाच आहे. ते प्रकरण संपले, त्याचा कागद आता आमच्याने मागे घेता येत नाही. मुन्शीजींच्या घरात यंदाही पाणी शिरेल की काय, हे आम्ही सांगू शकत नाही. त्या प्रकरणातील युक्तिवाद कोणाचा होता, हे आम्ही त्यांना आजवर सांगितलेले नाही. हा अंक छापून आला म्हणजे पहिली प्रत त्यांच्या हाती द्यावयाची, आणि या वेळी क्षमा आम्ही मागावयाची, असे ठरविले आहे.